टॉर्चचं बटण कुठलं घ्यावं? घेण्याआधी हे वाचा

टॉर्च घ्यायला आलं की पहिला प्रश्न असतो, उजेड किती लांब जातो? बरोबरच आहे, पण आमच्याकडे दुरुस्तीला ज्या टॉर्च येतात त्यात एलईडी गेलेली क्वचितच सापडते, बहुतेक वेळा बटण नाहीतर कॉन्टॅक्ट गेलेला असतो. म्हणून उजेडाइतकंच बटणही बघून घ्या.

जुन्या पितळी टॉर्चचं सरकतं बटण सगळ्यांच्या ओळखीचं. आत धातूची पट्टी असते, बटण पुढे ढकललं की ती टेकते आणि सर्किट पुरं होतं. चालू आहे की बंद ते अंधारात नुसत्या अंगठ्याला कळतं, म्हणून घरातल्या वयस्कर माणसांना आम्ही अजूनही हेच देतो. पण फटीतून पाणी आणि धूळ आत जाते, पट्टीवर हिरवट थर चढतो, मग हातावर ठोकल्याशिवाय पेटत नाही. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, सेल आतच पाझरला तर पट्टी आणि स्प्रिंग दोन्ही खातो.

आता मागचं खटक्याचं बटण, बॉलपेनसारखं. यात दोन प्रकार आहेत, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फसगत होते. फॉरवर्ड क्लिकमध्ये बटण अर्धं दाबलं की लगेच उजेड, सोडलं की बंद, पूर्ण दाबून खटका बसला की चालूच राहते. रिव्हर्स क्लिकमध्ये खटका बसून बोट सोडल्यावरच उजेड पडतो, आणि चालू असताना अर्धं दाबलं की करंट क्षणभर तुटतो, त्यावरून आतलं सर्किट मोड बदलतं, जास्त, कमी, मग ती लुकलुक. स्वस्त टॉर्च दर वेळी नव्याने लावताना पुढच्याच मोडवर जाते ती याच पद्धतीमुळे.

रात्रीची लाईट असते तेव्हा दारं धरायला जाणाऱ्यांना आमचा सल्ला सरळ आहे, फॉरवर्ड क्लिकच घ्या. एका हातात खोरं, बोटं चिखलाने भरलेली, उसात काही खसफसलं तर त्याच क्षणी उजेड पाहिजे आणि पूर्ण पाहिजे, तिथे मोड शोधत बसायला वेळ नसतो.

बाजूचं मऊ बटण म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. यातून टॉर्चचा मुख्य करंट जातच नाही, ते फक्त आतल्या चिपला इशारा देतं, म्हणून एकाच बटणावर दाबून धरा, दोनदा दाबा असं सगळं जमतं. ट्रेकला, तंबूत, मंद उजेडात वाचायला हे मस्त. पण चिप कायम जागी असते, बंद टॉर्चही थोडी थोडी बॅटरी खात राहते, शिवाय सॅकमध्ये दाबलं जाऊन टॉर्च आपोआप लागते आणि तापते, जोरदार टॉर्चने तर कापडही करपू शकतं. उपाय सोपा, मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. मात्र झाकणाच्या आट्यांवर ॲनोडाइझचा, म्हणजे करंट जाऊ न देणारा थर असेल तरच करंट तुटतो, घरी नेण्याआधी काउंटरवरच करून बघा.

डोकं पिळून लागणाऱ्या छोट्या किचेन टॉर्चला बटणच नसतं, बिघडायला काही नाही, पण बऱ्याचदा दोन हात लागतात. पाण्याखाली वापरायच्या काही टॉर्चवर फिरती रिंग असते, रिंगमध्ये चुंबक आणि आत सेन्सर, बटणासाठी भोक पाडावं लागत नाही म्हणून तिथून पाणी शिरत नाही. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, वाळूने रिंग अडकते.

टॉर्च लुकलुकायला लागली तर आधी मागचं झाकण काढून आटे आणि कडा कोरड्या फडक्याने पुसा. तरी फरक नाही? मग मागच्या खटक्याच्या साध्या टॉर्चमध्ये वायरच्या तुकड्याने सेलचं मागचं टोक आणि नळीची उघडी कड क्षणभर जोडा, उजेड स्थिर आला तर दोष झाकणाच्या बाजूलाच आहे, बहुधा बटणात. झाकणाच्या आट्यांजवळ पाणी अडवणारी रबरी रिंग असते, तिला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, काही रबर त्याने फुगतात.

दुरुस्तीला आणताना सेल सोबत आणा. मागचं खटक्याचं बटण बहुतेक वेळा बदलून मिळतं, बाजूचं बटण बोर्डावर सोल्डर केलेलं असतं, ते उघडून बघितल्यावरच सांगता येतं.