‘टेनंट’ कोण? कूळ, मुंडकार की भाडेकरू

गोव्यातल्या वर्तमानपत्रांत ‘कूळ-मुंडकार खटले’ हा जोडशब्द इतका रुळला आहे की, कूळ आणि मुंडकार म्हणजे एकच माणूस असे नवख्याला वाटावे. इंग्रजीत बोलताना तर दोघांनाही ‘टेनंट’ म्हणून मोकळे होतात. पणजीत फ्लॅट भाड्याने घेऊन राहणाराही टेनंटच. कायद्याच्या लेखी मात्र ही तीन वेगळी माणसे आहेत: दुसऱ्याचे शेत कसणारे कूळ, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार आणि भाडे भरून राहणारा भाडेकरू. प्रत्येकाचा कायदा वेगळा आणि पुरावाही वेगळा.

टेनंट हा शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘तेनेरे’, म्हणजे धरणे. नॉर्मन राजवटीनंतरच्या इंग्लंडमध्ये सगळी जमीन शेवटी राजाची मानली जाई, आणि बडे उमरावही ती राजाकडून ‘धरून’ असत. थोडक्यात, भाडे हा या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. दुसऱ्याच्या मालकीखाली जमीन धारण करणे हा आहे. त्याचे सोबती शब्द मात्र नेमके आहेत. लेसी म्हणजे पट्ट्याने घेणारा. लॉजर म्हणजे मालकाच्याच घरात खोली घेऊन राहणारा. लायसन्सी म्हणजे निव्वळ परवानगीने वापरणारा. त्याच्याकडे जागेत कसलाही हक्क जात नाही. ऑक्युपंट म्हणजे जो तिथे आहे तो. कोणत्या हक्काने, हे तो शब्द सांगत नाही. गोव्यात या शेवटच्या शब्दाचे काय झाले, ते पुढे पाहू.

पोर्तुगीज अमलात ही सरमिसळ कमी होती. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. तिने स्थावर भाड्याने देण्याला ‘आरेंदामेंतु’ आणि जंगम वस्तू देण्याला ‘अलुगेर’ अशी वेगळी नावे दिली होती. घरात भाड्याने राहणारा तो ‘इंकिलीनु’. कोमुनिदादीची, म्हणजे गावसंस्थेची, जमीन ठरावीक वार्षिक फोर (खंड) भरून कायमची धारण करणे हे ‘आफोरामेंतु’, म्हणजे आणखी तिसरेच नाते. १९ डिसेंबर १९६१ नंतर कायदे इंग्रजीत होऊ लागले आणि शेतातला व घरातला असे दोघेही टेनंट झाले.

१९६४ साली, दयानंद बांदोडकरांच्या कारकिर्दीत, गोवा, दमण व दीव कृषी कूळ कायदा आला. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा प्रत्यक्षात उतरायला मात्र शशिकला काकोडकरांच्या काळातली पाचवी दुरुस्ती यावी लागली. तिच्यानुसार २० एप्रिल १९७६ या कृषक दिनी कूळ जमीन विकत घेतल्याचे मानले गेले. महाराष्ट्रातला कृषक दिन १ एप्रिल १९५७चा. तिकडून आलेले वाचक ही तारीख गोव्याला लावतात आणि हिशेब चुकतो. दुरुस्ती न्यायालयात अडकली. १९८४च्या ४७व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेच्या नवव्या परिशिष्टाचे, म्हणजे न्यायालयीन आव्हानापासूनचे, संरक्षण मिळाले.

‘विकत घेतल्याचे मानले’ यावर बरेच जण निर्धास्त राहतात. कलम १८-अ नुसार हक्क उभा राहिला, तरी मामलेदाराने किंमत ठरवणे, ती भरणे आणि खरेदीचा दाखला घेणे या पायऱ्या उरतातच. त्या अर्धवट राहिल्या की दोन पिढ्यांनंतरही नाव कुळाच्या रकान्यातच दिसते. शिवाय लोक या दाखल्यालाही ‘सनद’ म्हणतात. गोव्यात सनद म्हणजे सहसा जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खालची शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी, आणि कुळाला मिळालेल्या जमिनीचा शेतीखेरीज वापर तर १९९१च्या भू-वापर नियमन कायद्याने रोखलेला आहे. २०१४च्या दुरुस्तीने कुळांचे दावे मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयात गेले आणि २०१७मध्ये परत मामलेदाराकडे आले. त्या मधल्या वर्षांचे कागद शोधताना दोन्ही ठिकाणी पाहावे.

मुंडकाराची गोष्ट निराळी. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे जमिनीत, त्याच्या संमतीने कायम घर करून राहणारा तो मुंडकार. सेवा करण्याचे बंधन असो वा नसो. याला इंग्रजीत शब्दच नाही. म्हणून १९७५चा मुंडकार संरक्षण कायदा इंग्रजीत लिहिला, तरी त्यात ‘मुंडकार’ आणि ‘भाटकार’ हे शब्द जसेच्या तसे ठेवले. मसुदा करणाऱ्यांनी इथे ‘टेनंट’ घातला असता, तर कायद्याचा जीवच गेला असता. कारण घराचे भाडे देणाऱ्याला हाच कायदा मुंडकार मानत नाही. पगारावर ठेवलेला आणि मालकाच्या आवारात राहणारा चौकीदारही त्यातून वगळलेला आहे. त्यामुळे भाटकाराने पुढे केलेल्या ‘रेंट रिसीट’वर टेनंट म्हणून सही करणारा मुंडकार स्वतःच्याच दाव्याविरुद्ध पुरावा तयार करतो. वाद आल्यास कलम ८-अ खाली मुंडकार असल्याचे जाहीर करून घ्यायचे, कलम २९ खाली नोंदवहीत नाव घालायचे आणि कलम १६ खाली घर व जागा विकत घ्यायची. पंचायत क्षेत्रात ही जागा ३०० चौरस मीटरपर्यंत, नगरपालिका क्षेत्रात २०० पर्यंत.

तिसरा, भाडेकरू. जुन्या भाडेकरूंसाठी १९६८चा इमारत भाडे नियंत्रण कायदा, आणि त्यांचे प्रकरण रेंट कंट्रोलरपुढे. हल्लीचे करार बहुतेक ‘लीव्ह अँड लायसन्स’चे, अकरा महिन्यांचे, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा १९०८च्या नोंदणी कायद्याने नोंदवावाच लागतो. वर लायसन्स लिहिले आणि आत जागेचा पूर्ण ताबा देऊन ‘मंथली रेंट’, ‘टेनंट’ असे शब्द पेरले, की न्यायालय मथळा पाहत नाही, व्यवहार पाहते.

आता नमुना एक व चौदा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा, हातात घ्या. गोव्याचा हा उतारा इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापलेला असतो. वर जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड अशा जमिनीच्या प्रकारांनुसार क्षेत्राचे रकाने. खाली कब्जेदार, कूळ, इतर हक्क. इंग्रजीतला तो पुळचट ‘ऑक्युपंट’ इथे कब्जेदार होऊन बसला आहे, म्हणजे सहसा मालकाचे नाव असते ती जागा. त्यामुळे ‘मी ऑक्युपंट आहे’ असे राहत्या अर्थाने अर्जात लिहिले, तर तलाठ्याला त्याचा अर्थ वेगळाच लागतो. ‘टेनंट’ समोर कुळाचे नाव, तेही शेतीपुरते. मुंडकार तिथे शोधू नये. त्याच्या घराचा उल्लेख असलाच तर ‘इतर हक्क’ मध्ये सापडतो. फ्लॅटचा भाडेकरू या कागदावर येतच नाही. नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण ती मालकीचा पुरावा नव्हे.

अर्ज इंग्रजीत करायचा असला, तरी नुसते ‘टेनंट’ लिहून थांबू नये. ‘अ‍ॅग्रिकल्चरल टेनंट’, ‘मुंडकार’ किंवा ‘टेनंट ऑफ बिल्डिंग’ यांपैकी जे असेल ते, कायद्याचे साल आणि कलम यांसह लिहावे. कूळ आणि मुंडकार एकच माणूस असेल, शेतही कसतो आणि त्याच भाटात राहतोही, तर अर्ज दोन करावेत: शेताचा १९६४च्या कायद्याखाली, घराचा १९७५च्या.