रक्ताचा कर्करोग: वर्षानुवर्षं चालणाऱ्या उपचारांसाठी पुण्यात मदत कशी मिळवायची

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल झालेली माणसं आज गोळी घेत वर्षानुवर्षं नोकरी-संसार सांभाळतात. २००१ मध्ये इमॅटिनिब ही औषधाची गोळी आली आणि या आजाराचं चित्रच पालटलं. मात्र गोळी रोजची, आजार किती आटोक्यात आहे हे सांगणारी बीसीआर-एबीएल रक्ततपासणी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी. खर्च थांबत नाही आणि कागदांची मुदत मात्र संपत राहते.

पहिला थांबा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनीसाला भेटा. उपचार सुरू होण्याआधी मंजुरी घ्यावी लागते, म्हणून आधी बिल भरून मग चौकशी करू नका. हेल्पलाइन १५५३८८.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी पुणेकरांच्या हाताशी आणखी एक वाट आहे: धर्मादाय रुग्णालयं. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा व्हावी लागते. हे सगळं काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही. थेट वैद्यकीय समाजसेवकाची खोली गाठायची. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक. "खाटा भरल्यात" असं उत्तर मिळालं तर लेखी मागा आणि ते घेऊन धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून काढता येतो. एप्रिल उजाडला की आधी त्याची मुदत तपासा. जुन्या दाखल्यापायी फाइल अडते.

बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलं असेल तर मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. त्यालाही अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला लागतोच.

तपासणीसाठी मुंबईला जाणाऱ्यांनी रेल्वे सवलतीचा फॉर्म रुग्णालयाच्या सही-शिक्क्यासह घ्यावा. स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट.