कॉन्स्टँटिनोपल येथील हिमसंकट (७६३–६४)

बायझंटिन सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन याच्या कारकीर्दीत काळ्या समुद्राचा काही भाग गोठला आणि तेथील बर्फ बॉस्पोरस सामुद्रधुनीतून कॉन्स्टँटिनोपलच्या (सध्याचे इस्तंबूल) तटापर्यंत वाहत आला, ती घटना. माहितीचा मुख्य आधार थिओफानीस याचे नवव्या शतकाच्या आरंभीचे इतिवृत्त हा असून कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क (धर्मप्रमुख) निकेफोरस यानेही हिची नोंद केली आहे.

थिओफानीसची सृष्टिवर्षगणना (जगाच्या निर्मितीपासून मोजलेली वर्षे) आणि इंडिक्शन ही पंधरा वर्षांची करगणना यांत आठव्या शतकातील अनेक नोंदींत एका वर्षाची तफावत पडते, त्यामुळे कालनिश्चिती वादग्रस्त ठरली होती. परंतु पश्चिम यूरोपातील फ्रँक राज्याच्या वार्षिक वृत्तांतांतही ७६३–६४ च्या कडक हिवाळ्याचा उल्लेख असल्याने हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. सुमारे तीस सवंगड्यांसह आपण एका हिमखंडावर चढून खेळलो, असे इतिवृत्तकार सांगतो. थिओफानीस त्या वेळी जेमतेम चार-पाच वर्षांचा असावा. म्हणून हे वाक्य, ज्याची सामग्री त्याने वापरली त्या इतिवृत्तकार जॉर्ज सिंकेलसचे असावे, असे काही अभ्यासक मानतात व ते पटण्याजोगे आहे.

बर्फाची जाडी तीस हात दिली आहे. एका हिवाळ्यात शांत पाण्यावर एवढा थर धरणे अशक्यप्राय आहे. वाऱ्याने तुकडे एकमेकांवर चढून झालेल्या राशींचे ते माप असू शकेल. समुद्र गोठणे मात्र मुळीच अशक्य नाही. सरासरी सागरजलाची (क्षारता दर हजारी सु. ३५) घनता गोठणबिंदूपर्यंत वाढत जाते, त्यामुळे थंड झालेले पाणी खाली जात राहते आणि बर्फ धरण्यापूर्वी वरचा मोठा थर निवावा लागतो. क्षारता २४·७ पेक्षा कमी असल्यास महत्तम घनता गोठणबिंदूच्या आधीच येते व पृष्ठभाग तळ्याप्रमाणे लवकर गोठतो. काळ्या समुद्राच्या पृष्ठभागाची क्षारता सु. १८ असून डॅन्यूब व नीपर यांच्या मुखांकडील वायव्य भागात ती आणखी कमी आहे. कडक हिवाळ्यात तेथे आजही बर्फ धरतो.

फेब्रुवारीत हा बर्फ फुटून दक्षिणेकडे लोटला. एक खंड अक्रोपोलिसच्या (नगरातील उंचवट्यावरील जुना भाग) धक्क्यावर आदळून धक्का मोडला. दुसरा तटाला एवढ्या जोराने धडकला की आतील घरे हादरली, आणि मग त्याचे तीन तुकडे झाले. नगरातून आशियाई किनाऱ्यावरील खालसिडॉनच्या बाजूस व खाडीपलीकडील गलातास लोक बर्फावरून पायी गेले. १९२९ आणि १९५४ साली हिमखंड पुन्हा बॉस्पोरसमध्ये शिरले होते.