आशीर्वाद व शांती (ख्रिस्ती धर्मातील)

देवाची कृपा माणसाच्या जीवनात कार्य करू लागते ती ख्रिस्ती श्रद्धेनुसार ‘आशीर्वादा’ने, आणि त्या कृपेचे पूर्णत्व म्हणजे ‘शांती’. या दोन संकल्पना वेगवेगळ्या विवेचिल्या जात असल्या, तरी बायबलमध्ये त्या बहुधा जोडीनेच येतात. पहिला महायाजक अहरोन व त्याच्या पुत्रांनी इस्राएल लोकांवर उच्चारावयाचे जे वचन जुन्या करारातील गणना या पुस्तकात (6:24–26) दिले आहे, त्याचा आरंभ आशीर्वादाने व शेवट शांतीने होतो. मूळ हिब्रू वचनाच्या तीन ओळींत अनुक्रमे 3, 5 व 7 शब्द असून ही चढती रचना हेतुपुरस्सर असावी.

आशीर्वाद देणे या अर्थाच्या हिब्रू क्रियापदाचा धातू ब–र–ख असून त्याच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. गुडघा या अर्थाच्या ‘बेरेख’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडून ‘गुडघे टेकणे’ हा मूळ अर्थ मानण्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या मतानुसार हे दोन धातू केवळ समोच्चारी आहेत. पहिले मत आकर्षक असले, तरी ते देवापुढे नमणाऱ्या माणसाला लागू पडते, माणसाला आशीर्वाद देणाऱ्या देवाला नाही. म्हणून दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. हिब्रूत दोन्ही दिशांना हेच एक क्रियापद चालते. मराठी अनुवादकांनी मात्र ते विभागले : देव माणसाला ‘आशीर्वाद’ देतो आणि माणूस, 103 व्या स्तोत्रातल्याप्रमाणे, परमेश्वराचा ‘धन्यवाद’ करतो. अर्थ त्यामुळे स्पष्ट झाला, पण देणे आणि परतणे ही एकाच कृतीची दोन अंगे आहेत हे मराठी वाचकाच्या सहज ध्यानात येत नाही. येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील ‘धन्य’ हा शब्द मात्र वेगळ्या ग्रीक शब्दासाठी योजलेला आहे.

शांती या अर्थाच्या ‘शालोम’ या हिब्रू शब्दाचा धातू पूर्ण, अखंड असणे या अर्थाचा आहे. युद्धाचा अभाव एवढ्यापुरता तो मर्यादित नसून आरोग्य, सुबत्ता, न्याय व सलोखा हे सारे त्यात येते. ‘शांती’ हा मराठी शब्द शम्, म्हणजे निवणे, या धातूपासून आला आहे, आणि वास्तुशांती, ग्रहशांती यांसारख्या प्रयोगांमुळे त्याला अनिष्टाच्या शमनाची छटा आहे. तेव्हा ख्रिस्ती अर्थाने तो वाचताना ‘क्षेम’ आणि ‘कुशल’ या शब्दांची जोड मनात धरणे आवश्यक ठरते. विशेष असे की, वरील दोन्ही हिब्रू धातूंचे अरबी भावंड मराठीत फार्सीमार्गे पूर्वीच रुळले आहेत : ‘बरकत’ आणि ‘सलाम’. मराठी बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात प्रेषित पौल एकामागून एक ‘सलाम’ सांगतो. मूळ ग्रीक क्रियापद तेथे निराळे असले, तरी अनुवादाने नकळत जुळवलेले हे नाते लक्षणीय आहे.

गणनेतील वरील आशीर्वचनाचा सर्वांत जुना लिखित पुरावा जेरुसलेमजवळील केतेफ हिन्नोम येथे 1979 साली सापडलेल्या दोन चांदीच्या लहान गुंडाळ्यांत मिळतो. त्यांचा काळ इ.स.पू. सातव्या शतकाची अखेर ते सहाव्याचा प्रारंभ असा सामान्यतः मानतात. काही अभ्यासकांनी त्या बऱ्याच नंतरच्या ठरवल्या होत्या, परंतु 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या छायाचित्रणाधारित वाचनाने आधीच्या कालनिश्चितीला बळकटी आली.

नव्या करारात शांती ही वस्तू न राहता व्यक्तीशी जोडली जाते : इफिसकरांस पत्रात ख्रिस्त हाच ‘आपली शांती’ आहे, आणि योहान 14:27 मध्ये तो जगासारखी नव्हे अशी आपली शांती शिष्यांना देतो. पुनरुत्थानानंतर बंद दारांआड भयाने बसलेल्यांना त्याने प्रथम शांतीच दिली. पुढे ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने शांतीची व्याख्या ‘सुव्यवस्थेतील स्वस्थता’ अशी केली.

रोमन कॅथलिक उपासनेत एकमेकांना शांती देण्यासाठी घ्यावयाच्या शांतीचुंबनाऐवजी भारतात हात जोडून नमस्कार करण्यास 1969 मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे मुंबईतल्या मराठी मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) शेजाऱ्याकडे वळून केलेला नमस्कार हा एका प्राचीन विधीचा वारस आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेच्या शेवटी पाळक हात उंचावून 2 करिंथ 13:14 मधील त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे) आशीर्वचन उच्चारतात. नव्या घरात राहायला जाताना उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात, मग ते घर चाळीतली एक खोली का असेना. मुंबईतील कोकणी भाषक ख्रिस्ती कुटुंबांत संध्याकाळच्या रोझरीनंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) मुले वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. हा शब्द पोर्तुगीजमधून आला आहे. मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांचा ईस्ट इंडियन समाज ‘आगेरा’ या सुगीच्या सणात भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतो.

रोमच्या भुयारी दफनभूमीतील जुन्या लेखांत मृताच्या नावापुढे ‘शांतीत’ एवढाच शब्द आढळतो. मराठी ख्रिस्ती माणसाच्या निधनाची वार्ता ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ अशी देतात.