ओल्ड ट्रॅफर्डचं म्युझियम आणि त्याच्या आधीची शंभर वर्षं

१९ फेब्रुवारी १९५८ च्या मॅचचा प्रोग्राम, म्हणजे स्टेडियमच्या गेटवर विकतात ती छोटी पुस्तिका, त्यात एका बाजूला शेफिल्ड वेन्सडेच्या अकरा जणांची नावं छापलीत आणि मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या बाजूला नुसत्या अकरा रिकाम्या जागा. छपाईची चूक नव्हती ती. तेरा दिवसांपूर्वी म्युनिकला विमान पडलं होतं आणि प्रोग्राम छापायला गेला तेव्हा टीममध्ये कोण उतरणार हेच कुणाला ठाऊक नव्हतं. क्लबने आजवर जिंकलेल्या सगळ्या चांदीच्या कपांपेक्षा मला तरी हे पान जास्त वजनदार वाटतं, आणि ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या स्टेडियममधलं म्युझियम नुसतं कप मांडून ठेवायचं शोकेस का नाही हे कळायला जरा मागे जावं लागतं.

१८७८ मध्ये लँकशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ डेपोतल्या डबे बांधणाऱ्या खात्यातल्या कामगारांनी ही टीम काढली. आपल्याकडे परळच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या पोरांनी सुटीच्या दिवशी टीम उतरवावी तसंच काहीसं. कोल्हापुरात तालमींमधून फुटबॉलची मंडळं उभी राहिली, तिकडे रेल्वेच्या शेडमधून. शर्टचा रंग हिरवा आणि सोनेरी, लाल नाही, हे लक्षात ठेवा कारण शेवटी परत लागणारय. १८९२ मध्ये न्यूटन हीथ (टीमचं नाव तेव्हा हेच) इंग्लिश लीगच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये आलं, पण पैशाची कायम बोंब. क्लेटनमधल्या बँक स्ट्रीटच्या मैदानाशेजारी केमिकलचे कारखाने होते, मॅच चालू असताना धूर सरळ प्लेयर्सच्या नाकातोंडात.

१९०२ पर्यंत कर्ज २,६७० पौंडांवर गेलं आणि क्लब गुंडाळायची कोर्टाची ऑर्डर आली. इथे एका कुत्र्याची एंट्री होते, खरंच. कॅप्टन हॅरी स्टॅफर्डचा मेजर नावाचा सेंट बर्नार्ड होता, निधी जमवायला भरवलेल्या बाजारात त्याच्या गळ्यात पैशाचा डबा अडकवलेला, तो कुठेतरी भटकला आणि जॉन हेन्री डेव्हिस या बिअर बनवणाऱ्या धनिकाच्या हाती लागला, त्याच्या मुलीला कुत्रा आवडला आणि त्यातून ओळख झाली, असं सांगतात. किती खरं किती मीठमसाला ते सोडा. डेव्हिससकट चार जणांनी प्रत्येकी ५०० पौंड टाकायची तयारी दाखवली आणि त्या एप्रिलमध्ये क्लबचं नाव मँचेस्टर युनायटेड झालं, शर्टही लाल झाले. पुढे अर्नेस्ट मँग्नल मॅनेजर असताना १९०८ ला पहिली लीग, १९०९ ला एफए कप (इंग्लंडमधली हरला की बाहेर अशी स्पर्धा), त्या टीममध्ये दातात काडी धरून विंगवर पळणारा बिली मेरेडिथ, आणि १९ फेब्रुवारी १९१० ला ओल्ड ट्रॅफर्डवर पहिली मॅच, लिव्हरपूलविरुद्ध, ३-४ ने हरले. स्वतःच्या घरभरणीला हरणं आणि तेही लिव्हरपूलकडून!

मधली वर्षं भराभर सांगतो कारण ती तशी रडकीच आहेत. १९३०-३१ च्या सीझनला पहिल्या १२ मॅच ओळीने हरले, सपोर्टर्सनी सभा घेऊन आर्सेनलच्या मॅचवर बहिष्काराची हाक दिली, तरी वीसेक हजार लोक आलेच. (आपल्याकडेही बहिष्कार असाच असतो, ठराव पास करायचा आणि मग हळूच जाऊन बघून यायचं.) १९३१ च्या डिसेंबरात पगाराला पैसे नव्हते तेव्हा जेम्स गिब्सन या व्यापाऱ्याने २,००० पौंड देऊन क्लब वाचवला. मग युद्ध. ११ मार्च १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्ब पडले आणि मेन स्टँड गेला. १९१० च्या मूळ बांधकामातला खेळाडूंचा जुना बोगदा तेवढा आज उभा आहे. दुरुस्तीसाठी सरकारकडून २२ हजार पौंडांच्या आसपास मिळाले आणि काम होईपर्यंत टीम मँचेस्टर सिटीच्या मेन रोडवर भाड्याने खेळली, थेट १९४९ पर्यंत. शत्रूच्या घरात पोटभाडेकरू.

याच काळात, १९४५ मध्ये, मॅट बस्बी मॅनेजर म्हणून आला. खेळाडू विकत घेण्यापेक्षा पोरं घडवायची हा त्याचा हट्ट, जोडीला जिमी मर्फी, आणि त्यातून बस्बी बेब्स म्हणतात ती टीम तयार झाली. ६ फेब्रुवारी १९५८ ला बेलग्रेडहून रेड स्टारशी ३-३ करून परत येताना विमान इंधनासाठी म्युनिकला उतरलं, रनवेवर बर्फाचा चिखल, दोनदा टेकऑफ सोडून दिला, तिसऱ्यांदा प्रयत्न केला आणि विमान रनवेबाहेर जाऊन आदळलं. २३ लोक गेले, त्यात आठ खेळाडू: रॉजर बर्न, जेफ बेंट, एडी कोलमन, मार्क जोन्स, डेव्हिड पेग, टॉमी टेलर, लियम व्हेलन आणि डंकन एडवर्ड्स. एडवर्ड्स हॉस्पिटलमध्ये पंधरा दिवस झुंजला, वय २१. गोलकीपर हॅरी ग्रेग जळक्या विमानात परत शिरून माणसं बाहेर काढत होता. मर्फी वेल्सच्या मॅचसाठी मागे राहिला होता म्हणून वाचला आणि बस्बी हॉस्पिटलात असताना टीम उभी करायचं काम त्याच्यावर आलं.

आता तो प्रोग्राम परत डोळ्यासमोर आणा. ग्रेग आणि बिल फोल्क्स हे अपघातातून वाचलेले दोघं मैदानात उतरले, स्टॅन क्राउदरला ॲस्टन व्हिलाकडून घेतलं ते मॅच सुरू व्हायच्या जेमतेम तासभर आधी, बाकी रिझर्व्हमधली कोवळी पोरं. सुमारे ६० हजार लोक. युनायटेड ३-० ने जिंकलं, पहिल्यांदाच सीनियर टीममध्ये खेळणाऱ्या शे ब्रेननने दोन गोल मारले. तीच टीम पुढे एफए कपच्या फायनलला गेली आणि बोल्टनकडून हरली.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९६० मध्ये, स्टेडियमच्या बाहेर एक घड्याळ बसवलं. अजून आहे. वर ‘६ फेब्रु. १९५८’, खाली ‘म्युनिक’, बस. क्लबचं खरं पहिलं म्युझियम मी त्या घड्याळालाच म्हणेन, तिकीट नाही, काच नाही, येणारा जाणारा वर बघतो आणि पुढे जातो. १९६८ ला वेम्बलीवर बेनफिकाला ४-१ हरवून युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांमधली सगळ्यात मोठी स्पर्धा) आला तेव्हा बॉबी चार्ल्टन आणि फोल्क्स हे म्युनिकमधून वाचलेले दोघं टीममध्ये होते, हिशोब कुठेतरी पूर्ण झाला असं लोकांना वाटलं.

छप्पर असलेलं म्युझियम उघडलं १९८६ मध्ये. बार्सिलोनाने १९८४ ला स्वतःचं काढलं होतं, पण इंग्लंडमध्ये क्लबने असं काही करायची तेव्हा पद्धत नव्हती. गंमत म्हणजे टायमिंग बघा. लीग शेवटची जिंकलेली १९६७ ला, आणि १९८६ ला लिव्हरपूल लीग आणि एफए कप दोन्ही घेऊन बसलेलं. आत्ता काही मिळत नाही म्हणून जुनं काढून मांडलंय अशी टिंगल करायला एकदम सोपं. ॲलेक्स फर्ग्युसन त्याच वर्षी नोव्हेंबरात आला आणि लीग परत यायला १९९३ उजाडलं. ११ एप्रिल १९९८ ला म्युझियम नवीन नॉर्थ स्टँडमध्ये गेलं, तीन मजली, उद्घाटनाला साक्षात पेले, आणि पुढच्याच वर्षी एका सीझनमध्ये तीन मोठे कप, त्यामुळे जागा वेळेत वाढवली म्हणायची. धंद्याचा भाग आहेच, क्लब १९९१ पासून शेअर बाजारात होता, स्टेडियम टूर आणि दुकान आणि म्युझियम हे एकाच दोरीत ओवलेलं, २००९ पर्यंत वर्षाला तीन लाखांवर माणसं येत होती. २००८ मध्ये अपघाताला पन्नास वर्षं झाली तेव्हा साउथ स्टँडखालच्या वाटेला म्युनिक टनेल करून तिथे कायमचं प्रदर्शन लावलं, आणि ते म्युझियमचं तिकीट न काढता बघता येतं हे मला बरं वाटलं.

मॅनेजर आणि खेळाडूंचे पुतळे झाले, स्टँडना नावं दिली, पण सपोर्टरला काचेत कसं ठेवणार? त्यांनी स्वतःच मार्ग काढला. न्यूटन हीथचे हिरवे-सोनेरी रंग क्लबने १९९२ ला शंभर वर्षांची आठवण म्हणून तिसऱ्या शर्टवर आणले होते, तेवढ्यापुरते. २००५ मध्ये ग्लेझर घराण्याने कर्ज काढून क्लब घेतला, ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर आलं, काही सपोर्टर्सनी चिडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा वेगळाच क्लब काढला. आणि २०१० ला स्टँडमध्ये अचानक हजारो हिरवे-सोनेरी मफलर दिसायला लागले, मालकांविरुद्ध. त्या मार्चमध्ये एसी मिलानकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहमने, म्हणजे युनायटेडच्याच जुन्या खेळाडूने, मॅच संपल्यावर त्यातलाच एक उचलून गळ्यात घातला, आणि रेल्वे कामगारांच्या शर्टचे १८७८ मधले रंग दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरात छापून आले.