कुत्र्याचे सुळे, कवड्या आणि नववी रात्र

कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर न्यूटन नावाचा एक ऊसमळा होता आणि त्याच्या एका कोपऱ्यात मळ्यावरच्या गुलामांना पुरायचे, साधारण 1660 ते 1820, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं. सुमारे 570 माणसं तिथे पुरली असावीत असा अंदाज आहे. कोणाच्याही डोक्याशी नावाचा दगड नाही. 1970 च्या दशकात जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँगे या संशोधकांनी तिथे खोदायला घेतलं, तेव्हा 72 नंबरच्या दफनात एक वयस्कर माणूस सापडला आणि त्याच्यासोबत जे सामान निघालं ते बघून सगळे चक्रावलेच असणार. तांब्याची कडी, लोखंडी सुरी, आफ्रिकेतल्या घाना बाजूची वाटावी अशी मातीची चिलीम आणि एक माळ. माळेत काचेचे मणी, माशांचे मणके, भोकं पाडलेले कुत्र्याचे सुळे, कवड्या आणि मधोमध शोभेल असा एकच मोठा तांबडा अकीक. तो अकीक बहुधा खंबायतचा, म्हणजे आपल्या गुजरातचा!

आता हा मणी गुजरातहून पश्चिम आफ्रिकेत आणि तिथून गुलामांच्या जहाजातून कॅरिबियनमध्ये नेमका कुठल्या वाटेने गेला ते सोडा, पण कवड्यांचं काय ते नीट माहीत आहे. ह्या जातीच्या कवड्या मालदीवकडच्या. युरोपातले व्यापारी त्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत न्यायचे, कारण तिथे त्या चलन म्हणून चालायच्या आणि त्या देऊन माणसं विकत घेता यायची. आपण कवडीमोल म्हणतो तेव्हा स्वस्त असं म्हणायचं असतं, इथे ते अगदी शब्दशः झालं होतं.

हा माणूस कोण होता? हँडलर यांच्या मते मळ्यावरचा वैदू किंवा भगत, तिकडे ज्या मंत्रतंत्राला आणि औषधपाण्याला ओबिया म्हणतात त्यातला जाणकार, आणि लोकांनी त्याला मानाने पुरलं होतं. ते दफन साधारण 1700 च्या आगेमागेचं. आणि आता मजा बघा, मजा म्हणायचं की काय ते तुम्हीच ठरवा, 1760 मध्ये तिकडे लांब जमैकात टॅकी नावाच्या गुलामाच्या पुढारपणाखाली बंड झालं, ते चिरडल्यावर इंग्रज मळेवाल्यांनी ओबियावर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यात ओबियासाठी लागणाऱ्या वस्तूंची चक्क यादी दिली आहे. रक्त, पिसं, पोपटाची चोच, कुत्र्याचे दात, मगरीचे दात, फुटक्या बाटल्या, थडग्यावरची माती, रम, अंड्यांची टरफलं. म्हणजे बार्बाडोसमध्ये ज्या वस्तू माणसाबरोबर प्रेमाने पुरल्या त्यातली एक तरी जमैकात गुन्ह्याचा पुरावा ठरली. थडग्यावरची माती आणि रम ह्या दोन गोष्टी यादीत का आल्या असतील तेही उघड आहे, मेलेल्या माणसाशी बोलायचं तर ह्याच लागायच्या, आणि बंडाआधीच्या शपथाही ह्याच वस्तूंवर घेतल्या जायच्या.

बरं, पण हाडांवरून कळतं कसं की माणूस कुठला? तर दातांवरून. दाताचं वरचं कडक आवरण, इनॅमल, लहानपणी तयार होतं आणि नंतर बदलत नाही. त्या वयात जे खाल्लं-प्यायलं त्यातून स्ट्रॉन्शियम नावाचा धातू थोडासा त्यात जाऊन बसतो. स्ट्रॉन्शियमचे दोन आयसोटोप, म्हणजे एकाच धातूचे कमीजास्त वजनाचे प्रकार, 87 आणि 86, यांचं एकमेकांशी प्रमाण जमिनीखालच्या खडकावर ठरतं. बार्बाडोस बेट बहुतेक सगळं प्रवाळाच्या चुनखडकाचं, म्हणून तिथलं प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या जवळपास. पश्चिम आफ्रिकेतले खडक पुष्कळ ठिकाणी अतिप्राचीन, तिथे हे प्रमाण वर जातं. हानेस श्रोडर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये न्यूटनच्या 25 जणांचे दात तपासले, त्यातले बहुतेक बेटावरच जन्मलेले निघाले आणि 7 जण आफ्रिकेत जन्मलेले, तेही सगळे एकाच भागातले नाहीत. एका चाळीत राहायला आलेले पण गाव, भाषा, देव सगळं वेगळं, असं काहीतरी.

याच श्रोडर मंडळींनी पुढे 2015 मध्ये कॅरिबियनमधल्याच सेंट मार्टिन बेटावरच्या तीन सांगाड्यांचा डीएनए वाचला. 2010 मध्ये फिलिप्सबर्ग गावात बांधकाम चालू असताना ते सापडले होते आणि त्यांचे दात आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे कानशीने घासल्यासारखे टोकदार केलेले होते. उष्ण दमट हवेत डीएनए पार कुजून जातो, तरी उरलेल्या तुकड्यांवरून कळलं की एक जण कॅमेरूनकडच्या बांटू भाषकांपैकी आणि दोघे नायजेरिया-घानाच्या बाजूचे. सव्वातीनशे वर्षांनी पत्ता लागला. पण त्यांच्यासाठी कोण रडलं, कुठलं गाणं म्हटलं, ते दातात सापडत नाही.

ते नाटकात सापडतं असं माझं म्हणणं आहे.

जमैकात माणूस गेला की नाइन नाइट करतात. नऊ रात्री लोक जमतात, डॉमिनो खेळतात, गाणी म्हणतात, तळलेली मासळी आणि बॅमी खातात (बॅमी म्हणजे कसाव्याची भाकरी, तोच कंद ज्याचा आपण साबुदाणा करतो), जळजळीत पांढरी रम पितात. सेंट मेरी भागात डिंकी मिनी नावाचा नाच असतो, तो मुळीच रडका नाही, उलट कंबर हलवत मरणाला वाकुल्या दाखवणारा, आणि त्याला बेंटा नावाचं बांबूचं वाद्य लागतं. बांबूच्याच सालीची तार काढलेली, एकाने ती वाजवायची आणि दुसऱ्याने वरून भोपळा सरकवत स्वर बदलायचा. नवव्या रात्री मेलेल्यासाठी पान वाढून ठेवतात, मध्यरात्रीपर्यंत कोणी हात लावत नाही. मग त्याला निरोप द्यायचा आणि घरातलं सामान इकडचं तिकडे हलवायचं, म्हणजे त्याचा डपी, त्याचं भूत हो, परत आलंच तर त्याला खोली ओळखू येणार नाही.

हे सगळं खेळीमेळीचं वाटतं, पण ऑरलँडो पॅटरसन या जमैकन समाजशास्त्रज्ञाने 1982 मध्ये मांडलेली एक गोष्ट लक्षात घ्या. गुलाम हा समाजाच्या लेखी आधीच मेलेला असतो, त्याच्या आईबापाचं, लेकरांचं नातं कोणी मानत नाही, मालक कधीही कोणालाही विकू शकतो. मग अशा माणसासाठी नऊ रात्री बसायचं म्हणजे हा आमचा होता असं चारचौघांत म्हणायचं. मळेवाल्यांना ढोल आणि रात्रीची गर्दी खुपायची ती उगाच नाही.

1974 मध्ये डेनिस स्कॉट या जमैकन नाटककाराने हीच रात्र रंगमंचावर आणली. नाटकाचं नाव 'ॲन एको इन द बोन', हाडातला पडसाद. काळ 1937. क्रू नावाचा शेतकरी नाहीसा झालाय, मळ्याचा गोरा मालक मारला गेलाय, आणि क्रू मेलाच असं धरून त्याची बायको रेचल नाइन नाइट करते. तिथे मुलाच्या अंगात बाप येतो. इथपर्यंत आपल्याला काही नवीन नाही, अंगात येणं आपण पाहिलेलं असतं. पण पुढे हीच माणसं शंभर-दीडशे वर्षं मागे जातात, गुलामांच्या जहाजात, लिलावात, आणि तेच नट तिथली माणसं होतात. म्हणजे एका माणसाच्या निरोपाला अख्खी वंशावळ हजर होते, ज्यांना स्वतःची नववी रात्र मिळाली नाही तीसुद्धा. आजकाल लगेच कोणीतरी म्हणतं की पूर्वजांचा ट्रॉमा डीएनएत उतरतो, एपिजेनेटिक्स (म्हणजे जनुकं तीच राहून त्यांचं चालू-बंद होणं बदलणं) वगैरे, पण माणसांबाबत त्याचा पुरावा अजून कच्चा आहे आणि खरं सांगायचं तर नाटकाला त्याची गरजही नाही. आठवण पोचवायला गाणं, ढोल आणि रमची बाटली पुरते. 2018 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरात नताशा गॉर्डन यांचं 'नाइन नाइट' आलं आणि मग वेस्ट एंडला, म्हणजे तिथल्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात गेलं, त्यात तर सगळं लंडनमधल्या एका जमैकन कुटुंबाच्या घरात घडतं.

रमवरून आठवलं. न्यूटन मळ्यावरच्या हाडांत शिसं फार निघालं, विषबाधा व्हावी इतकं. ते आलं बहुधा रममधूनच, कारण भट्टीच्या नळ्यांत आणि भांड्यांत शिसं असायचं आणि ती रम गुलामांना मळ्यावरच मिळायची. पोटात भयंकर कळा, हातपाय लुळे पडणं, कधी डोक्यावर परिणाम.

त्याच दफनभूमीत एका मोठ्या उंचवट्याखाली एक तरुण बाई सापडली, पालथी पुरलेली, शवपेटी नाही. तिच्या हाडांतही शिसं भरपूर. हँडलर यांना वाटतं की लोक तिला चेटकीण समजत असावेत, आणि तिचं विचित्र वागणं कदाचित त्या शिशामुळेच असेल. पालथं पुरायचं कारण बहुधा तेच, तिने परत येऊ नये. तिच्याजवळ मणी, चिलीम, कडं, काहीच मिळालं नाही.