नदी सरकली की नकाशा चुकला?

ईस्ट इंडिया कंपनीचा इंग्रज सर्वेक्षक जेम्स रेनेल 1764 पासून होडीतून फिरत बंगालच्या नद्या मोजत होता. त्याच्या नकाशात ब्रह्मपुत्रा मैमनसिंगजवळून, मधुपूरच्या उंचवट्याच्या पूर्वेकडून वाहते. आज मुख्य प्रवाह त्या उंचवट्याच्या पश्चिमेला आहे आणि बांगलादेशात त्याला जमुना म्हणतात. रेनेलच्या काळी तिथे एक लहानसा प्रवाह होता. मैमनसिंगला उरली ती ‘जुनी ब्रह्मपुत्रा’.

1787 च्या महापुरात तीस्ता नदीनेही गंगेची वाट सोडली आणि ती ब्रह्मपुत्रेला येऊन मिळाली. तिच्या पाण्यानेच ब्रह्मपुत्रेला ढकललं, की मधुपूरची जमीन हळूहळू उचलली जात होती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. नदी जागेवरून हलली, याबद्दल मात्र शंका नाही. कित्येक कोसांचा फरक नकाशा काढणाऱ्याच्या चुकीने पडत नाही.

काठ दोनशे मीटर खचला का, असं विचारलं की खरी कसोटी लागते. त्यासाठी जुन्या नकाशावर न हललेल्या खुणा शोधायच्या: देऊळ, मशीद, पक्का पूल, रेल्वेचा फाटा. संगणकावर त्या आजच्या उपग्रहचित्रातल्या त्याच खुणांवर बसवायच्या. त्या नेमक्या जुळत नाहीतच. जुळणीत तीनशे मीटरची चूक उरली, तर दोनशे मीटर सरकलेल्या काठाबद्दल काहीही बोलू नये. हा हिशेब न सांगता रंगीत रेषांनी भरलेला नकाशा छापणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. त्यावरून कुणाचं घर हलवायचं ते ठरत असतं.

हवाई छायाचित्रात काठ स्पष्ट दिसतो, पण फोटोच्या कडांकडे आणि उंचसखल भागात अंतरं वेडीवाकडी होतात. ती आधी सुधारून घ्यावी लागतात. त्यात ऋतूची फसगत वेगळीच. फेब्रुवारीत वाळूची बेटं उघडी पडतात, ऑगस्टमध्ये तिथेच समुद्रासारखं पाणी असतं. दोन्ही फोटोंतल्या पाण्याच्या कडा ताडून पाहिल्या, तर जागेवर असलेली नदीही सरकल्यासारखी दिसेल. म्हणून पाण्याची कड सोडून कायमची झाडी जिथे सुरू होते, ती रेघ धरतात.

फोटोत नकाशात नसलेलंही सापडतं. नदीने टाकून दिलेली वळणं शेताखाली गाडली गेली, तरी तिथली माती ओल धरते आणि वरून काळसर कोयरीसारखी दिसते. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी 1960 ते 1972 दरम्यान काढलेली छायाचित्रं 1995 मध्ये खुली झाली. दुसऱ्या देशांची लष्करी ठाणी शोधायला काढलेल्या त्या फिल्मवर आता नद्यांचे साठ वर्षांपूर्वीचे काठ मोजता येतात.